कातडी कंपनीचे सुभेदार

सुभेदार भैरू निकम यांनी शिट्टी मारली की उंट खाली बसायचा. मी स्वतः पाहिलंय. कतारात, अल खोरच्या उत्तरेला रस्त्याच्या कडेनं तोऱ्यात चाललेला एक भला थोरला उंट ती शिट्टी ऐकून गुडघे दुमडून बसला, आणि सुभेदारांनी ‘विश्राम’ म्हणेपर्यंत हलला नाही. माझी बायको म्हणते, तो आधीपासून बसलेलाच होता. असेल. तपशिलात मतभेद असतात माणसामाणसांत.

माझ्या असल्या बोलण्यावर सुभेदारांचा एक कायमचा उतारा असायचा. मी रंगात येऊन काही सांगितलं, की ते मिशीचं टोक अंगठ्यानं दाबायचे आणि म्हणायचे, “बातमीदार, दोनानं भागा.” मला ते कधी नावानं हाक मारत नसत. फौजेत बातमी आणणारा माणूस शंभराचे दोनशे सांगायला लागला तर पलटण उगाच खंदक खणत बसते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुढचं सगळं वाचताना दोनानं भागत चला. जिथे भागायचं नाही, तिथे मी सांगेन.

तर कातडी कंपनी. नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. आम्ही डझनभर मराठी माणसं, बहुतेक रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्ट करणारी आणि अल खोरला राहणारी. चाळिशी उलटलेली, पोटं सुटलेली, आणि त्या वयात माणसाला जे होतं ते आम्हा सगळ्यांना एकदमच झालं होतं: मोटारसायकली घेतल्या. नुसत्या मोटारसायकली घेऊन भागत नाही. त्यावर काळं चामड्याचं जाकीट लागतं, चामड्याची पँट लागते, गुडघ्यापर्यंत बूट लागतात. आता कतारचं ऊन म्हणजे काय ते सांगतो. डांबरावर पापड टाकला तर भाजून निघायचा, आणि जरा वेळ ठेवला तर वर तिखट भुरभुरलेलं मिळायचं. त्या उन्हात आम्ही दर शुक्रवारी पहाटे नखशिखान्त कातड्यात शिरून निघायचो. बायका बाल्कनीतून बघायच्या. “निघाली वटवाघळं,” माझी बायको शेजारणीला म्हणायची, आणि दोघी आत जायच्या.

कंपनीचा संस्थापक, अध्यक्ष आणि घोषणा देणारा पेंडसे. पुण्याचा, वेस्ट बेमधल्या काचेच्या बिल्डिंगीत सल्लागार. त्याची मोटारसायकल एवढी मोठी होती की तिला पार्किंगच्या दोन जागा लागत. आमच्यात सगळ्यात हळू पाठारे. मुंबईचा, प्रोसेस इंजिनीअर. त्याच्या पुढून एकदा एक मुंगी निघून गेली म्हणतात. आणि तिसरा परकार. रत्नागिरीचा, इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या सीटा शिवायचं त्याचं दुकान. आमची सगळ्यांची जाकिटं त्याच्याच मशीनखालून आलेली. चामड्यातलं कळणारा आमच्यातला तो एकटाच.

ते दिवस वर्ल्ड कपच्या तयारीचे. सगळा देश खणून ठेवलेला. रात्री झोपताना जिथे दव्वार, म्हणजे आपला चौक, असायचा, तिथे सकाळी उड्डाणपूल निघायचा. आम्ही ज्या दव्वारवर जमायचो तो एका शुक्रवारी नाहीसाच झाला. पेंडसे सुसाट पुढे, मागचे वळणावळणाला गळत गेलेले, आणि करक चहाच्या टपरीवर पोहोचलो तेव्हा आम्ही दमून, घामानं निथळत, एकमेकांचे फोटो काढत होतो.

टपरीशेजारी कंपनीच्या बसेस उभ्या होत्या. बसड्रायव्हरांच्या घोळक्यातून एक माणूस आमच्याकडे आला. साठीला टेकलेला, उंच नव्हे पण ताठ, अंगात सुपरवायझरचा निळा शर्ट. शर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या घडीवर कांदा चिरावा. ते सुभेदार निकम. बसेस पाठवणाऱ्या कंत्राटदाराकडे ट्रान्सपोर्टचे सुपरवायझर. खटाव तालुक्याकडचे. फौजेत असताना डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटारसायकलवरून टपाल आणि हुकूम पोचवणारे.

त्यांनी आमच्याकडे एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्यात लीडर कोन?”

आम्ही पेंडसेकडे बोट दाखवलं. पेंडसेनंही पेंडसेकडेच दाखवलं.

“निघाला तवा किती गडी हुता?”

“बारा,” पेंडसे म्हणाला.

“हितं किती हायत?”

पेंडसेनं मोजलं. परत मोजलं. मग स्वतःला धरून मोजलं. तरी दहाच भरले. पाठारे आणि परकार नव्हते.

“फोटो झालं आसतील तर मी बगून येतो,” असं म्हणून सुभेदार कंपनीची पिकअप घेऊन गेले. अर्ध्या तासानं पाठारे आणि परकार आपापल्या मोटारसायकलींवर आले, मागे पिकअप. पाठारेची साखळी निसटली होती आणि परकार त्याच्यासाठी थांबला होता. “दोगं तितंच हुते, जागा न सोडता,” सुभेदार म्हणाले. “हे बराबर केलं. हरवलेल्यानं हलायचं न्हाय. हुडकायचं काम लीडरचं.” मग त्यांनी पेंडसेकडे पाहिलंसुद्धा नाही. न बघण्याची ही त्यांची तऱ्हा बघण्यापेक्षा भारी होती. पेंडसेच्या हातातला करक तेवढ्यात गार झाला. आणि तिथे करक गार व्हायला साधारण दोन दिवस लागतात.

पुढच्या शुक्रवारी परकारनं आपल्या शेडमध्ये धूळ खात पडलेली एक जुनी बुलेट काढली, सुभेदारांनी ती आठवड्याभरात बोलती केली, आणि कातडी कंपनीला सुभेदार मिळाले. कुणी निवडणूक घेतली नाही. पाणी जसं उताराकडे जातं तसा हुकूम त्यांच्याकडे गेला.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि एकेकाचं जाकीट चाचपलं. बोटानं चिमटा घ्यायचा, वास घ्यायचा, पुढे सरकायचं. परकार शेजारी.

“ह्ये काय?” पाठारेचं जाकीट चिमटीत धरून त्यांनी विचारलं.

“ता कातडा नाय, सुभेदार,” परकार शरमून म्हणाला. “रेक्झिन हाय. तेनीच सांगितलान, हलका पायजे.”

“पाठारेसाहेब, आपन पडल्यावर रस्ता कायतरी मागतो. त्याला कातडं द्यायचं. ह्ये रेक्झिन दिलं तर तो तुमचं मागंल.” मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “कातडं घालायचं ते दाखवायला न्हाय. सोललं तर ह्याचं सोलावं, मानसाचं न्हाय. म्हनून घालायचं. ज्याला मिरवायचंय त्यानं फेटा बांधावा, हवा तरी लागती.”

त्यांच्या स्वतःच्या जाकिटाचा उजवा कोपर खरवडलेला होता. चामडं पार पांढरं पडलेलं. फौजेत असताना बर्फात घसरले होते तेव्हाचं. मी एकदा विचारलं, “सुभेदार, परकारकडून ठिगळ का लावून घेत नाही?” ते म्हणाले, “त्यानं माजं काम केलंय. आता त्याला झाकायचं व्हय?” दर गुरुवारी संध्याकाळी ते त्या जाकिटाला खोबरेल चोळत, आईनं पोराच्या डोक्याला चोळावं तसं. त्यामुळे त्यांच्या मागून गाडी चालवताना वाळवंटात एकदम सणासुदीची सकाळ झाल्यासारखं वाटायचं.

नियम त्यांनी थोडेच केले, पण ते पेंडसेच्या जिवावर आले. पहिला: सगळ्यात हळू चालवणारा सगळ्यात पुढे. म्हणजे पाठारे. पेंडसे म्हणाला, “अहो सुभेदार, असं चाललं तर वर्ल्ड कप संपेल आपण पोहोचेपर्यंत.” सुभेदार म्हणाले, “संपू द्या. पन बारा जन मिळून चुकवू.” दुसरा: जे लोंबतं ते अडकतं. गळ्यातला रुमाल, कमरेची साखळी, जाकिटाच्या झिरमिळ्या, सगळं बाद. याचं दुःख फक्त पेंडसेला, कारण त्यानं नुकतंच परदेशातून एक जाकीट मागवलं होतं, आणि त्याच्या बाह्यांना लग्नाच्या मांडवाला असते तेवढी झालर होती. तिसरा नियम त्यांनी बोलून दाखवला नाही. तो आम्हाला बघून कळला. थांब्यावर पोहोचलं की ते बोट नाचवत आम्हाला मोजायचे, सगळे भरले की मूठ वर करायचे, आम्ही पाण्यावर तुटून पडायचो. त्यांची बाटली मात्र तशीच बंद, बुलेटच्या हँडलला. शेवटच्या माणसाचं पिऊन झालं, त्यानं तोंड पुसलं, की मग ते झाकण फिरवायचे. स्वतः ते कायम रांगेच्या शेवटी चालवायचे, म्हणजे आमची सगळ्यांची धूळ खाऊन सगळ्यात तहानलेले तेच. मी म्हटलं, “तुम्ही आधी घेतलंत तर काय बिघडेल?” ते म्हणाले, “बिघडनार काय न्हाय. चव लागत न्हाय.”

असा माणूस कडक असतो असं लोकांना वाटतं. सुभेदार कडक होते, पण पापडासारखे, करंजीसारखे नव्हेत. आत सारण दडवून बाहेर शिस्त, असला प्रकार नाही. जे होतं ते एकच आणि आरपार. एका शुक्रवारी इन्स्पेक्शनला ते पाठारेसमोर थांबले. जाकीट बरोबर, बूट बरोबर, हेल्मेट बरोबर. तरी हलेनात.

“गाडी हितंच लावा. आज माज्या मागं बसा.”

“का? मी काय केलं?”

“काय न्हाय केलं. दोन दिस झोपला न्हाय तुमी.”

पाठारे म्हणाला, “प्रोजेक्ट संपतंय. यादी लागलीये. माझं नाव आहे.” तोवर हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज एका बाकावर डबा खाणाऱ्या मला पत्ता नव्हता, आणि सुभेदारांना तो नुसत्या हेल्मेटच्या पट्ट्यावरून लागला. “येरवी हाताला पट्टा लागतो त्यांच्या. आज तीनदा चुकला,” एवढंच म्हणाले. त्या दिवशी पाठारे त्यांच्या मागे बसून गेला. वाटेत काय बोलणं झालं माहीत नाही. परत आल्यावर पाठारेनं सरळ घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात परकारच्या ओळखीच्या एका वर्कशॉपनं त्याला ठेवून घेतलं. ही ओळख काढायला परकारला कुणी सांगितलं होतं, ते परकार अजून सांगत नाही. “इन्शाल्ला झाला,” म्हणतो.

माझी बायको, जिला आम्ही वटवाघळं वाटायचो, ती सुभेदारांना मात्र दर सणाला जेवायला बोलवायची. “त्यांना बघून शिका काहीतरी,” म्हणायची. “आमटी वाढायच्या आधी पोरांच्या ताटात आहे का बघतात ते.” माझी मुलं घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी. पण सुभेदारांनी “पानी पिलं का?” विचारलं की ताठ उभी राहून म्हणायची, “हो, पिलं.”

आता मुख्य गोष्ट.

वर्ल्ड कपच्या आधीच्या ऑक्टोबरात अल खोरच्या कार्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, एक संचलन निघायचं ठरलं. देशोदेशीच्या लोकांची ढोलपथकं, नाचपथकं, आणि आमची कातडी कंपनी. कॅमेरे असणार, थेट प्रक्षेपण होणार. दोन दोनच्या जोडीनं चालायचं आणि सगळ्यांच्या पुढे एकटा माणूस. त्या एकट्या जागेवर कोण, हा प्रश्न आला तेव्हा पेंडसेनं घसा खाकरला. पण पाठारे आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी आधी बोलला: “सुभेदार.” सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी पेंडसेचाही गेला, जरा कोपरातून वाकडा.

सुभेदार नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते मिशीचं टोक दाबत म्हणाले, “फौजेत म्या कायम एकटाच गाडी चालवली. टपाल घिऊन. पुढं कुनी न्हाय, मागं कुनी न्हाय. एकदा परेडमदी सगळ्यांच्या पुढच्या मोटारसायकलीवर नंबर लागला हुता. मालक दिसनार म्हनून बायको समद्या भावकीला घिऊन दोन दिसाचा परवास करून आली. आनि आदल्या दिवशी म्या बर्फात आपटलो.” त्यांनी खरवडलेला कोपर दाखवला. “तिनं परेड बगितली. पुढं दुसराच बसला हुता. ती अजून म्हनती, त्याला गाडी धड येत नव्हती.”

मग हसले. आम्ही त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. त्यांचं कंत्राट वर्ल्ड कपच्या तोंडावर संपत होतं. संचलन झालं की आठवड्यात ते कायमचे गावी जाणार होते. बायकोला फोन गेला. गावात कुणाच्या तरी घरी मोठ्या पडद्यावर बघायचं ठरलं. सुभेदारांनी त्या आठवड्यात जाकिटाला रोज खोबरेल लावलं. परकारनं तर स्वतःहून सांगितलं, “सुभेदार, आता तरी कोपराक लावतंय ठिगळ.” त्यांनी मान हलवली. “न्हाय. तिला वळखू येऊ दे.”

रंगीत तालमीच्या दिवशी सुभेदारांनी नेहमीसारखं इन्स्पेक्शन घेतलं. पेंडसे तेच परदेशी जाकीट घालून आला होता, पण झालर नव्हती. बाह्या गुळगुळीत. सुभेदारांनी हात फिरवला, पुढे गेले. खरा प्रकार असा होता, की पेंडसेनं परकारच्या एका कारागिराकडून, परकारला न कळवता, त्या झालरीला टिचबटणं बसवून घेतली होती. इन्स्पेक्शन झालं, सुभेदार रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले, आणि माझ्या शेजारी पेंडसेनं खिशातून झालर काढली. टिच, टिच, टिच.

“पेंडसे, नको,” मी म्हणालो.

“अरे, कॅमेरे आहेत.”

निघालो. खरं सांगतो, दृश्य असं होतं की समुद्रानं लाटा थांबवल्या. सुभेदार सगळ्यांच्या पुढे, एकटे, बुलेटच्या ठोक्यावर. पाठ अशी की तिच्यावर झेंडा लावावा. व्यासपीठाजवळ कॅमेरा दिसला आणि पेंडसेनं हात हलवायला डावा हात उचलला. झालरीच्या दोन झिरमिळ्या क्लचच्या दांड्याला गुंडाळल्या गेल्या होत्या. हात वर गेला, पण हँडल घेऊन. ती दोन पार्किंगवाली मोटारसायकल डावीकडे वळली, दोरी तोडून आत गेली आणि व्यासपीठाशेजारी उभ्या केलेल्या प्लायवूडच्या अरबी कॉफीच्या सुरईवर आदळली. सुरई दोन पुरुष उंच. ती इतकी सावकाश पडली की खाली बसलेल्या माणसाला उठून, खुर्ची घडी करून, बाजूला ठेवून निघून जाता आलं असतं. दोनानं भागा. पण खुर्च्या रिकाम्या होत्या आणि कुणालाही लागलं नाही, हे अगदी खरं.

सुभेदार पोहोचले तोवर पेंडसे उठून बसला होता. जाकिटाचा कोपर सोललेला. सुभेदारांनी आधी त्याचा हात चाचपला, बोटं हलवायला लावली, मान वळवायला लावली. मग क्लचला लटकलेली झालर दिसली. त्यांनी ती सोडवली, एक टिचबटण अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि झालर घडी करून स्वतःच्या खिशात टाकली. कुणी बघायच्या आत.

संचलनाचा मुदीर आला. तरुण, शांत कतारी अधिकारी. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं इंग्रजीत सांगितलं, की नियमाप्रमाणे सगळं पथक बाद करता येतं. तुमची मेहनत बघून तो तसं करणार नव्हता. पण जो जबाबदार आहे त्याचा संचलनात उतरायचा पास परत घ्यावा लागेल. “जबाबदार कोण?”

पेंडसेनं तोंड उघडलं. सुभेदार त्याच्या आधी दोन पावलं पुढे आले.

“मैं, सर. कमांड मेरा था, इन्स्पेक्शन मेरा था.”

मुदीरलाही हिंदी चांगलं येत होतं. “लेकिन गिरे तो आप नहीं.”

“गिरनेवाला मेरा आदमी है, सर.”

 मुदीरनं हात पुढे केला नाही. सुभेदारांनी आपण होऊन गळ्यातला पास काढला आणि त्याच्यापुढे धरला. मुदीरनं तो दोन्ही हातांनी घेतला. “खलास,” म्हणाला, आणि गेला.

टपरीवर कुणी करक मागवला नाही. पेंडसे उभाच. “सुभेदार, मी जाऊन सांगतो त्याला. टिचबटणांचं सगळं सांगतो.”

“काय सांगनार? माज्या गड्यानं मला फसवलं म्हनून? मग तुमचाबी पास जाईल. माजा परत येनार न्हाय. दोन गडी कमी व्हतील, एवढंच.”

“पण तुमच्या घरी सगळे...”

“ते माजं बगतो मी. आता ऐका. परवा पुढं तुमी.”

“मी?” पेंडसेचा आवाज पाठारेसारखा बारीक झाला. “सुभेदार, चेष्टा करू नका. मी पुढे जाणार नाही. पाठारेला घाला.”

“नियम काय हाय आपला?”

पाठारेच म्हणाला, “सगळ्यात हळू चालवणारा पुढे.”

“मग? परवा ह्यांच्यापरीस हळू कोन चालवनार हाय?”

पेंडसेनं तिथेच जाकीट उतरवलं आणि परकारपुढे धरलं. परकारनं खिशातून चामडं कापायची आपली वाकडी सुरी काढली आणि बाह्यांवरची सगळी टिचबटणं एकेक करून उपटली. झालर सुभेदारांनी परत दिली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

“बातमीदार,” सुभेदार मला म्हणाले, “शेपूट तुमचं. मागं ऱ्हायचं. आनि जे दिसंल ते कमीजास्त न करता सांगायचं.”

मग ते जरा बाजूला गेले आणि त्यांनी गावी फोन लावला. मी ऐकायला नको होतं, पण बातमीदार म्हटल्यावर ऐकणं आलंच. “आगं, माजी जागा बदलली. न्हाय, पुढं न्हाय. चौकात हुबं ऱ्हायचंय. मोठं काम हाय ते. आगं, चौकात जास्त दिसतं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “न्हाय, पडलो न्हाय ह्या वेळंला,” ते म्हणाले. “कुनीच न्हाय पडलं.”

संचलनाच्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की समुद्रावरून येणारा वारा आधी भाजून मग वाढलेला. कार्निशच्या तोंडाशी जो दव्वार आहे तिथपर्यंत कुणालाही उभं राहता येत होतं, तिथे पास लागत नव्हता. आम्ही वळलो तेव्हा सुभेदार दव्वारच्या कडेला उभे होते. पूर्ण कातड्यात. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, बूट चकचकीत, खरवडलेला कोपर रस्त्याच्या बाजूला. आजूबाजूची माणसं सावली शोधत छत्र्यांखाली गेलेली. ते एकटे उन्हात, आणि हातात पाण्याची बंद बाटली.

पेंडसे पुढे होता. इतका हळू की मागच्या ढोलपथकाला दोनदा थांबावं लागलं. आयुष्यात त्यानं इतकी सरळ गाडी कधी चालवली नसेल. हात हलवायला उचलला नाही, कॅमेऱ्याकडे मान वळवली नाही. फक्त दव्वारपाशी आल्यावर त्यानं हनुवटी किंचित खाली केली. सुभेदारांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं बोट चाललं होतं. पेंडसे. मग पाठारे, परकार. मग बाकीच्या जोड्या. गावाकडचा तो पडदा दव्वारपाशी काय दाखवत होता, मला माहीत नाही. परकार शपथेवर सांगतो की कॅमेरा सुभेदारांवर बराच वेळ थांबला होता. परकार भला माणूस आहे, त्याच्या शपथेला मी भागत नाही.

आता हे शेवटचं. इथे भागायचं नाही.

सगळ्यात मागे मी. त्यांच्या समोरून गेलो तेव्हा बोट माझ्यावर आलं आणि थांबलं. मूठ वर गेली: सगळे भरले. मला वळून बघायचं होतं, पण मागच्या माणसानं वळायचं नसतं, हेही त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी आरशात पाहिलं. लहानशा गोल आरशात सुभेदार निकम, मागे चकाकणारा समुद्र. त्यांनी मूठ खाली घेतली, माझ्या मागच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं, कुणी मागे राहिलं नाही ना. मग बाटलीचं झाकण फिरवलं आणि डोकं मागे टाकून पाणी प्यायले.